मदत हवी आहे: फ्लेअर स्क्रॅच जमत नाहीये

नमस्कार मंडळी. मी फोंड्याचा, सहा महिन्यांपासून टर्नटेबलवर स्क्रॅचिंग (रेकॉर्ड हाताने पुढे-मागे करून आवाज काढणं) शिकतोय. बेबी स्क्रॅच आणि चर्प हे सुरुवातीचे प्रकार ८० बीपीएमवर (मिनिटाला ८० ठोके) बरे निघतात. घोडं अडलंय ते वन-क्लिक फ्लेअरपाशी. त्यात क्रॉसफेडर (आवाज चालू-बंद करणारी मिक्सरवरची सरकपट्टी) उघडा ठेवून सुरुवात करायची आणि रेकॉर्ड पुढे जात असताना मधेच एकदा झटकन बंद-उघड करायचा, म्हणजे एकाच ढकलीत दोन आवाज. माझी बोटं मात्र ट्रान्सफॉर्मरच्या (फेडर बंद ठेवून सुरू होणाऱ्या स्क्रॅचच्या) सवयीने फेडर आधीच बंद करतात आणि पहिला आवाज गिळला जातो.

त्यात हा पावसाळा! दमट हवेने स्लिपमॅट (रेकॉर्डखालची घसरती चकती) चिकटते, रेकॉर्ड मागे खेचताना प्लॅटरही (खालची फिरती तबकडी) ओढला जातो. स्लिपमॅटखाली बटर पेपर गोल कापून घातला, थोडा फरक पडला. तुम्ही काय करता?

पणजी, म्हापसा, फोंडा भागात कुणी समोर बसवून शिकवेल का? व्हिडिओ खूप पाहिले, पण माझा हात बघून चूक दाखवणारं माणूस हवंय.