घाट उतरताना ब्रेक मऊ पडतो, खाली आल्यावर ठीक होतो. नेमकं काय बदलायचं?

घाटाखाली
गाडी २०१५ ची पेट्रोल हॅचबॅक, ६२,००० किमी. पुढे डिस्क, मागे ड्रम, एबीएस नाही. कराडहून चिपळूणला जाताना कुंभार्ली घाटात पाच माणसं आणि डिकीभर सामान होतं. अर्धा घाट उतरल्यावर पेडल मऊ होऊन बरंच खाली जायला लागलं, जळका वासही आला. अर्धा तास थांबल्यावर पेडल पूर्ववत. सपाट रस्त्यावर आता तक्रार नाही, फक्त ८० च्या पुढे ब्रेक मारला की स्टिअरिंग थरथरतं. पुढचे पॅड ५ मिमी शिल्लक आहेत. गॅरेजवाला पॅड, डिस्क, मागचे लायनर आणि मास्टर सिलिंडर, सगळंच बदला म्हणतो. ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं याची नोंद नाही. एवढं सगळं खरंच लागेल का?

दहाचा पाना
मास्टर सिलिंडरला (पेडलचा जोर ऑइलवर देणारा पंप) आत्ताच हात लावू नका. गरम असताना मऊ आणि थंड झाल्यावर ठीक, हे लक्षण ऑइल उकळल्याचं आहे. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट ३ (ब्रेक ऑइलचा दर्जा) ताजं असताना २०५ अंशांच्या खाली उकळत नाही, पण त्यात ३.७ टक्के पाणी शिरलं की ही हद्द १४० अंशांवर येते. डॉट ४ चे हेच आकडे २३० आणि १५५. कॅलिपरमध्ये (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) वाफेचा बुडबुडा झाला की पाय तो बुडबुडाच दाबत बसतो, पॅडपर्यंत जोर पोचत नाही. गार झालं की वाफेचं परत ऑइल होतं आणि पेडल वर येतं, म्हणून गॅरेजमध्ये नेईपर्यंत दोष गायब असतो.

घाटात किती उष्णता तयार होते याचा अंदाज घ्या: माणसांसकट १,२०० किलोची गाडी ५०० मीटर खाली उतरली की सुमारे ५९ लाख ज्यूल ऊर्जा सुटते. तेवढ्यात १८ लिटर पाणी उकळीला येईल. यातलं जेवढं इंजिन पेलणार नाही, तेवढं चार चाकांच्या ब्रेकवर येतं आणि त्यातलंही बरंचसं पुढच्या दोन डिस्कवर.

बाकी दोष पायालाच कळतात:

- पेडल दाबून धरलं की हळूहळू खाली बसत जातं, बाहेर गळती कुठेच नाही: मास्टर सिलिंडरचे रबर.
- थंड असतानाही स्पंजासारखं, दोनदा-तीनदा मारल्यावर वर येतं: लाइनमध्ये हवा. मऊपणा नाही, पण पेडल खोलवर लागतं: मागच्या लायनरचं (ड्रमला आतून घासणारे पट्टे) ॲडजस्टमेंट सैल.
- पेडल दगडासारखं कडक: पायाचा जोर वाढवणारा बूस्टर किंवा त्याचा व्हॅक्यूम पाइप. इंजिन बंद ठेवून पाच-सहा वेळा पेडल मारा, मग दाबून धरून स्टार्टर मारा. पेडल थोडं खाली गेलं तर बूस्टर ठीक.
- पेडल घट्ट आहे पण गाडी थांबत नाही, वास येतो: पॅड तापून घसरताहेत, ऑइलचा दोष नाही.

तुमचं पहिल्या तिघांत बसत नाही. वास आला म्हणजे पॅडही तापले होते, पण पेडल खाली गेलं ते ऑइलमुळे. आधी ऑइल बदला आणि कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या स्लाइड पिना तपासा. पिन अडकली की एक पॅड कायम घासत राहतो आणि ते चाक उगाच तापतं. दहा किलोमीटर चालवून चाकांच्या रिमजवळ हात न टेकवता धरा. एक बाजू जास्त गरम लागली तर चोर तिथेच आहे.

निपल आणि नळी
वरच्या मताशी सहमत. ऑइल घरी बदलायचं तर दोन माणसं आणि दीड-दोन तास धरा.

ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणावर जो डॉट लिहिलाय तोच घ्या. डॉट ३ च्या जागी डॉट ४ चालतं. नुसतं डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळायचं नाही. लहान गाडीला सगळं धुऊन निघायला १ लिटर पुरतं. सीलबंद बाटली घ्या, गॅरेजच्या फळीवर अर्धी उघडी पडलेली नको. इंजिन ऑइल किंवा स्टिअरिंग ऑइलचा थेंबसुद्धा आत गेला तर मास्टर सिलिंडरपासून सगळे रबर फुगतात, मग मात्र गॅरेजवाल्याची यादी खरी ठरेल.

टाकीतलं जुनं ऑइल सिरिंजने काढा, नवं भरा. आपल्याकडे मास्टर सिलिंडर उजव्या बाजूला असतो, म्हणून सहसा क्रम मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. काही गाड्यांत वेगळा असतो, मॅन्युअल बघा. चाकाच्या ब्रेकमागच्या निपलला (ऑइल आणि हवा बाहेर काढायचा छोटा स्क्रू) पारदर्शक नळी लावून तिचं टोक बाटलीतल्या थोड्या ऑइलमध्ये बुडवा. आतला माणूस पेडल दाबून "दाबला" म्हणेल, तुम्ही निपल पाव वळसा उघडा, पेडल खाली जाईल, निपल बंद करा, मगच "सोड" म्हणा. हा क्रम चुकला की हवा उलटी आत शिरते. मागे १०-१५ वेळा, पुढे ६-८ वेळा, नळीत नव्या ऑइलचा रंग येईपर्यंत. दर चार-पाच दाबांनी टाकी बघा, ती रिकामी झाली तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. एबीएस असता तर त्याच्या युनिटमध्ये गेलेली हवा काढायला बऱ्याच गाड्यांत स्कॅनर लागतो.

एक गोष्ट बहुतेक गॅरेजमध्ये पाळली जात नाही: पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा. जुन्या मास्टर सिलिंडरमध्ये पिस्टन रोज जिथपर्यंत जातो त्याच्या पुढे गंज आणि गाळ साठलेला असतो. पेडल तळाला टेकवलं की रबर त्यावरून घासून फाटतं आणि चांगला सिलिंडर दुसऱ्या दिवशी गळायला लागतो.

रंगावर सांडलं तर लगेच पाणी ओता, नुसतं पुसू नका.

लेथवरचा
थरथरीबद्दल. लोक डिस्क "वाकली" म्हणतात, पण बहुतेक वेळा ती वाकलेली नसते, जाडीला कमी-जास्त झालेली असते. घाटाखाली तापलेल्या डिस्कवर पाय दाबून गाडी उभी ठेवली की पॅडचा थर एकाच जागी चिकटतो. पुढे तो भाग वेगळा झिजतो. मायक्रोमीटरने आठ ठिकाणी मोजा, ०.०२ मिमीच्या आसपास फरकही पायाला जाणवतो.

डिस्क काढलीच तर हबवरचा गंज तारेच्या ब्रशने साफ करा. हबवर कागदाएवढा गंज असला तरी डिस्क कडेला डोलते. डायल गेज लावून ०.१ मिमीच्या आत आहे का बघा. चाकाचे नट आडवे-उभे क्रमाने, टॉर्क पान्याने कसा. इम्पॅक्ट गनने एक नट जास्त आवळला तरी डिस्क तिरकी बसते.

डिस्कच्या कडेवर किंवा टोपीवर किमान जाडी कोरलेली असते. लेथ मारल्यावर त्यापेक्षा वर राहत असेल तरच लेथ, नाहीतर दोन्ही बाजूंना नवी.

दहाचा पाना
@लेथवरचा, लहान गाडीच्या पातळ डिस्कला मी लेथ सुचवत नाही. दोनेक मिलिमीटरच झिजायला असतात, त्यातलं बरंच लेथमध्ये जातं आणि उरलेली डिस्क अजून लवकर तापते. घाटात जाणाऱ्या गाडीला तर नकोच.

५ मिमी पॅड अजून चालतील, ३ मिमीला बदला. पण डिस्क नवी टाकली तर पॅडही नवेच. नंतर पॅड डिस्कवर नीट बसावेत म्हणून ५०-६० वरून १५ पर्यंत आठ-दहा वेळा मध्यम ब्रेक मारा, मध्ये पूर्ण थांबू नका. स्लाइड पिनांना ब्रेकचं सिलिकॉन ग्रीसच, पिवळं किंवा काळं ग्रीस लावलं तर रबर फुगून पिन पुन्हा अडकेल. कॅलिपर होजवर लोंबकळत सोडू नका, तारेने स्प्रिंगला बांधा.

घाटाखाली
मागच्या डाव्या चाकाचा निपल गंजलाय, पाना फिरतोय पण निपल हलत नाही. ड्रमच्या आतल्या बाजूला थोडा ओलसरपणाही दिसतोय.

निपल आणि नळी
थांबा, उघडा पाना लावू नका, कडा गोल होतील. सहा कोनी सॉकेट घ्या. आदल्या रात्री गंज सोडवणारा स्प्रे मारा, सकाळी निपलच्या डोक्यावर हलके दोन-चार ठोके, आधी किंचित आवळून मग सोडवा. ज्योत दाखवू नका, आत रबर आहे.

पण ओलसरपणा आहे म्हणता, तर निपलशी झगडायचं कारणच नाही. पुढच्या चाकांना दगड लावून हँडब्रेक सोडा, ड्रम काढा. निघत नसेल तर बऱ्याच ड्रमला आटे पाडलेली दोन भोकं असतात, त्यात सहसा ८ मिमीचे बोल्ट आलटून पालटून आवळले की ड्रम बाहेर येतो. व्हील सिलिंडरच्या (ड्रममध्ये लायनर बाहेर ढकलणारा) रबरी टोपीची कड उचलून बघा. आत ऑइल साठलं असेल तर सिलिंडर गेला. नवा सिलिंडर नव्या निपलसकट येतो, मागून सहसा दोन बोल्ट आणि एक पाइप. पाइपच्या नटाला फ्लेअर पाना वापरा.

लायनरला ऑइल लागलं असेल तर पेट्रोलने धुऊन किंवा जाळून परत बसवू नका, ते आत मुरलेलं असतं आणि तापल्यावर पुन्हा वर येतं. मागचे चारही लायनर बदला, एकाच चाकाचे बदलले तर गाडी ब्रेकला एकीकडे ओढेल. ड्रममधली धूळ हवेने उडवू नका, पाण्याने धुवा. ड्रम बसवल्यावर ॲडजस्टर एवढा आवळा की चाक हाताने फिरताना लायनर किंचित घासल्याचा आवाज येईल, पण चाक अडणार नाही. हँडब्रेकची केबल त्यानंतर.