मदत हवी आहे: आईचं दिव्यांग कार्ड, गाडी माझ्या नावावर, राखीव जागेत लावता येते का?

यवतमाळ जिल्ह्यात, तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात दारालगत व्हीलचेअरचं चिन्ह काढलेली जागा आहे. आईला चालता येत नाही, यूडीआयडी कार्ड आहे. गाडी माझी, साधी चारचाकी. गार्ड म्हणतो, "गाडी पेशंटच्या नावावर पाहिजे, नाहीतर तीनचाकी स्कूटर पाहिजे." अन् त्याच जागेत कर्मचाऱ्यांच्या मोटारसायकली दिवसभर उभ्या असतात, याचं फार वाईट वाटतं. लहान लेकरं घेऊन आलेल्या बायाही तिथंच गाडी लावतात. त्यांची अडचण खरी आहे, त्यांच्याशी भांडण नाही.

कार्ड दाखवून झालं, अधीक्षकांना तोंडी सांगून झालं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात कलम 23 प्रमाणे सरकारी आस्थापनेत तक्रार निवारण अधिकारी असावा लागतो, तक्रार नोंदल्यापासून दोन आठवड्यांत चौकशी व्हावी लागते. इथं तो कोण, हे कोणी सांगत नाही. आईचे उपचार तिथंच सुरू आहेत, त्यामुळे वाद वाढवायचा नाही.

हक्क माणसाच्या कार्डावर ठरतो की गाडीच्या आरसीवर, याचा शासन निर्णय किंवा परिपत्रक कोणाकडे आहे का? अन् लेखी अर्ज अधीक्षकांना द्यावा की थेट जिल्हा शल्य चिकित्सकांना?