फाइटिंग गेममधले झँगिफ, किंग, ह्युगो, रायडन… यांच्यामागचे खरे पैलवान कोण? आणि आपल्याकडचं कुणी आहे का त्यात?

पार्लर_९८

सध्या टेक्केन ८ हा फाइटिंग गेम खेळतोय, मेन किंग, म्हणजे नेहमी तोच पैलवान घेऊन. मूव्ह लिस्ट पाठ करताना सारखं वाटतं की अरे हे तर आपण केबलवर बघितलंय. लहानपणी ती डब्ल्यूडब्ल्यूएफची कार्डं होती ना, उंची वजन छाती बायसेप्स लिहिलेली, ती ज्यांच्याकडे होती त्यांना कळेल मी काय म्हणतोय ते. ह्युगो म्हणजे आंद्रे द जायंट हे तर आंधळा पण सांगेल. पण झँगिफ नावाचा माणूस खरोखर होता असं एका मित्राचं म्हणणं आहे. किंगचा तो जॅग्वारचा मुखवटा कुठून आला? आणि नुसती यादी नकोय मला, यादी कुठेही मिळते. जपान्यांनी नेमके हेच लोक का उचलले आणि ते खेळताना कुठे जाणवतं हे कुणी नीट सांगितलं तर भारी होईल. आणि हो, भारतातला पैलवान कुठल्या गेममध्ये आहे का?

दोरीबाहेर

मित्र बरोबर सांगतोय. व्हिक्टर झँगिएव्ह, उत्तर ओसेशियाचा, सोव्हिएत युनियनचा अस्सल मॅटवरचा कुस्तीगीर. १९८९ मध्ये अँटोनियो इनोकीने आपल्या न्यू जपान प्रो रेसलिंगमध्ये सोव्हिएत पैलवानांची अख्खी फळीच आणली होती, त्यात हा. २४ एप्रिल १९८९ ला टोकियो डोमवर पहिल्यांदाच प्रो रेसलिंगचा कार्यक्रम झाला, त्यात हे सगळे उतरले आणि शोता चोचिश्विली म्हणून १९७२ चा ऑलिम्पिक ज्युदो सुवर्णविजेता होता त्याने चक्क इनोकीला हरवलं. पुढच्याच महिन्यात सलमान हाशिमिकोव्हने बिग व्हॅन व्हेडरकडून आयडब्ल्यूजीपीचा, म्हणजे न्यू जपानच्या चॅम्पियनचा पट्टा काढून घेतला. म्हणजे बघ, सोव्हिएत माणूस न्यू जपानचा चॅम्पियन! जपानमध्ये हे केवढं गाजलं असेल याची कल्पना कर, आणि त्याच काळात कॅपकॉम या जपानी गेम कंपनीत स्ट्रीट फायटर २ वर काम चालू होतं, तो आला १९९१ च्या फेब्रुवारीत. त्यातल्या झँगिफचं कामचलाऊ नाव आधी व्होडका गोबाल्स्की होतं, ते जाऊन हे आलं. फक्त नाव हं. ती मोहॉक, ती दाढी, अस्वलांशी झुंजून अंगावर पडलेले ओरखडे, हे सगळं कॅपकॉमचं. गेममध्ये त्याच्या कथेच्या शेवटी गोर्बाचेव्हसारखा दिसणारा पाहुणा येऊन त्याच्यासोबत नाचतो, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात तो देशच राहिला नाही. दोन वर्षं इकडेतिकडे झाली असती तर हे कॅरेक्टर असं झालंच नसतं असं मला मनापासून वाटतं.

का उचलले याचं उत्तर पण यातच आहे. जपानमध्ये प्रो रेसलिंग हा घराघरातला कार्यक्रम होता, न्यू जपानच्या कुस्त्या टीव्ही असाहीवर शुक्रवारी रात्री आठला लागायच्या. हे गेम बनवणारी पोरं तेच बघत मोठी झाली. म्हणून तू अमेरिकन म्हणून ओळखतोस ना त्यातले बरेच जण खरं तर जपानच्या वाटेनेच गेममध्ये आलेत. आंद्रे इनोकीशी लढायला जपानात नेहमी यायचा, त्याचा कॅपकॉमच्याच फायनल फाइट मध्ये १९८९ ला आंदोरे झाला (जपानी उच्चार तसाच होतो), त्यात त्याचा बाप, काका, आजोबा असं अख्खं खानदान आहे, आणि १९९७ ला स्ट्रीट फायटर ३ मध्ये ह्युगो झाला. व्हेडर पण तसाच. अमेरिकेचा लिऑन व्हाइट, डिसेंबर १९८७ मध्ये न्यू जपानमध्ये पहिल्याच रात्री इनोकीला एवढ्या झटपट पाडलं की प्रेक्षकांनी स्टेडियममध्ये दंगल केली. त्याचा मुखवटा आणि तो आडवातिडवा देह उचलून एसएनके या दुसऱ्या गेम कंपनीने फेटल फ्युरीत रायडन केला. डेड ऑर अलाइव्हचा बास आर्मस्ट्राँग बघितला की हल्क होगन आठवतो, तो होगनही १९८३ मध्ये इनोकीला बेशुद्ध पाडून जपानात आधीच प्रसिद्ध झालेला.

किंगचं मी वेगळं लिहितो, त्याच्यात खूप आहे, आत्ता शिफ्टला जायचंय.

मेट्रोसिटी_महापौर

दोरीबाहेर दादा मस्त. फायनल फाइटचा विषय निघालाच आहे तर हॅगरला विसरू नका. माजी कुस्तीगीर आणि शहराचा महापौर, १९८९ ला. आणि खरा रेसलर जेसी व्हेंचुरा मिनेसोटातल्या ब्रुकलिन पार्कचा महापौर झाला १९९१ ला, पुढे १९९९ ला राज्याचा गव्हर्नर. म्हणजे इथे गेम आधी आणि माणूस नंतर! आणि ज्याला सगळे झँगिफचा स्पिनिंग पाइलड्रायव्हर (समोरच्याला उलटा धरून गरगर फिरत डोक्यावर आपटायचं) म्हणतात तो आधी हॅगरकडे होता, हे सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

मुद्देसूद

सगळं ठीक, पण "खरे पैलवान" कशाला म्हणायचं? हे सगळे ठरवून केलेले सामने होते ना. म्हणजे खोट्यावरून खोटं घेतलं एवढंच.

३६०_डिग्री

मुद्देसूद, निकाल ठरलेला असतो, पडणं ठरलेलं नसतं रे. १९९७ च्या समरस्लॅमला ओवेन हार्टने स्टीव्ह ऑस्टिनला पाइलड्रायव्हर दिला, डोकं जरा खाली राहिलं आणि ऑस्टिनची मान गेली, काही वेळ हातपाय हलेनात. ती मान पुढे त्याला कायम नडली. तो डाव खरा आहे, फक्त समोरच्याला सांभाळून टाकायचा असतो.

आणि मूळ प्रश्नाबद्दल. खेळताना कुठे जाणवतं असं विचारलंयस ना, तर माझ्या मते कपड्यांपेक्षा जास्त ते कंट्रोलमध्ये जाणवतं. मी वर्षानुवर्षं झँगिफच खेळतोय. समोरचा रियू लांबून हदोकेन, म्हणजे ऊर्जेचा गोळा टाकतो, आपल्याकडे लांबून टाकायला काही नाही. आपल्याला जवळ जायचंय, मार खात, ब्लॉक करत, एकेक पाऊल. डबल लॅरिएट फिरवला की वरचं अंग हदोकेनमधून पार जातं (लॅरिएट म्हणजे ताठ हाताचा तडाखा, रेसलर स्टॅन हॅन्सनचा हुकमी घाव, जपानमध्ये त्यानेच तो मोठा केला) आणि एकदा हाताच्या अंतरावर आलो की समोरच्याची घाबरगुंडी उडते, कारण कमांड थ्रो, म्हणजे खास कमांड देऊन टाकायची पकड, ब्लॉक होत नाही. त्याने उडी मारायला हवी, नाहीतर आधी मारायला हवं. आणि त्याची कमांड बघ, स्टिक पूर्ण गोल फिरवून पंच. आता गोल फिरवताना वरची दिशा लागतेच, आणि वर लागलं की माणूस उडी मारतो! मग नवीन पोरं म्हणतात हे उभ्याने निघतच नाही. तर आधी काहीतरी मारायचं, हलका पंच किंवा उडी मारून खाली येता येता, आणि ते ॲनिमेशन चालू असतानाच गोल फिरवून ठेवायचं, ते संपलं की लगेच पंच. पूर्ण ३६० पण लागत नाही, पाऊण गोल पुरतो. म्हणजे पकड करायच्या आधीच तुमचा हात कामाला लागलेला असतो आणि समोरच्याला तो हलका पंचच दिसत असतो. हे ज्याने डिझाइन केलं त्याने कुस्ती डोळ्यात तेल घालून बघितली होती यावर माझा पक्का विश्वास आहे.

दोरीबाहेर

आलो. किंग.

सर्जिओ गुतिएरेस बेनितेस नावाचे मेक्सिकोचे कॅथलिक पाद्री. अनाथ मुलांसाठी घर चालवायचं, पैसा नाही, म्हणून मुखवटा घालून फ्राय तोर्मेंता या नावाने लुचा लिब्रेच्या, म्हणजे मेक्सिकन प्रो रेसलिंगच्या रिंगणात उतरले. सुरुवातीला कुणालाच माहीत नव्हतं की हा पाद्री आहे. वीसएक वर्षं कुस्त्या मारून मुलं वाढवली. आता टेक्केनची कथा बघ: किंग हा अनाथ, मारामाऱ्या करणारा, जखमी होऊन मठाच्या दारात पडतो, पाद्री वाचवतात, मग अनाथाश्रमासाठी पैसे हवेत म्हणून तो स्पर्धेत उतरतो. पहिला किंग टेक्केन ३ च्या आधी ओगर नावाच्या राक्षसाच्या हातून मरतो, आणि त्याच आश्रमात वाढलेला पोरगा मुखवटा चढवून येतो. पार्लर, तू खेळतोयस तो हा दुसरा किंग.

पण मुखवट्याचा धागा जपानचाही आहे. टायगर मास्क नावाची मांगा (जपानी चित्रकथा) १९६८ ला सुरू झाली, त्याचा नायक नाओतो दाते हाही अनाथाश्रमात वाढलेला आणि कुस्तीचा पैसा आश्रमाला देणारा. १९८१ ला न्यू जपानने सातोरू सायामाला खराखुरा टायगर मास्क करून रिंगणात उतरवलं, पहिलीच कुस्ती डायनामाइट किडशी. मेक्सिकोचा पाद्री आणि जपानचा वाघ असे दोघे मिळून किंग उभा राहिलाय. आणि २०१० च्या नाताळला जपानमध्ये माएबाशीच्या बालकल्याण केंद्राच्या दारात कुणीतरी दहा नवीकोरी दप्तरं ठेवून गेलं, नाव लिहिलेलं नाओतो दाते. नंतर देशभर लोकांनी त्याच नावाने दप्तरं, खेळणी, पैसे पाठवले. मुद्देसूद, खोट्यावरून खोटं म्हणालास ना, त्या मुलांच्या हातातली दप्तरं खरीच होती.

आता किंगचे डाव. जायंट स्विंग (पाय धरून गरगर फिरवून फेकायचं) हा न्यू जपानच्या हिरोशी हासेचा आवडता डाव. हा माणूस १९८४ च्या ऑलिम्पिकला ग्रीको-रोमन लढलाय, पुढे जपानचा शिक्षणमंत्री झाला आणि २०२२ ला इशिकावाचा गव्हर्नर. शायनिंग विझर्ड हा गुडघ्याचा मार केइजी मुतोचा.

लाल_माती

भारताचं विचारलंय म्हणून लिहितो, मी तालमीत वाढलोय, गेम नंतर आले.

भारतीय पैलवान आहे. स्ट्रीट फायटर ईएक्स, १९९६, दारुन मिस्टर. डावांची नावं ब्रह्मा बॉम्ब, गँजेस डीडीटी, इंद्रा बाशी अशी. आपल्या मातीतला एक डाव त्यात नाही, सगळी जपानी प्रो रेसलिंगचीच फेकाफेक आहे आणि वरून देवाधर्माची नावं डकवली आहेत. याचं मला खरंच वाईट वाटतं. त्या काळी जपानी माणसाच्या डोळ्यासमोर भारतीय रेसलर म्हणजे टायगर जीत सिंग, पंजाबातून कॅनडात गेलेला, फेटा, तोंडात तलवार. १९७३ ला टोकियोच्या शिंजुकूमधल्या इसेतान दुकानाबाहेर भर रस्त्यात इनोकीवर बायकोसमोर हल्ला केला म्हणून गाजलेला. तो खलनायक म्हणून जबरदस्तच होता, पण त्यातून कुस्ती काय कळणार?

उलट आपलं जे खरं तिकडे गेलंय ते गेममध्ये दिसतच नाही. कार्ल गॉच, बेल्जियमचा, १९४८ चा ऑलिम्पियन, इनोकी, फुजिनामी, सायामा या सगळ्यांचा गुरू. तो आपल्या बैठका आणि दंडांचा भक्त होता. न्यू जपानच्या पोरांना रोज शेकड्यांनी बैठका मारायला लावायचे, तिकडे त्याला आजही हिंदू स्क्वॉट म्हणतात. म्हणजे खरा टायगर मास्क ज्या बैठकांवर तयार झाला त्या आमच्या वस्तादाने आम्हाला पहाटे मारायला लावल्या त्याच.

आणखी एक गोष्ट खटकते. गेममधला पकडीचा माणूस कायम डोंगराएवढा आणि संथ. स्ट्रीट फायटरमधला एल फुएर्ते सोडला तर छोटा चपळ कुणी आठवत नाही. खाशाबा जाधवांनी १९५२ ला हेलसिंकीत कांस्य आणलं ते ५७ किलोत. चपळाईने पट काढणारा, समोरचा झोक देतोय म्हणेपर्यंत खांद्यावर घेऊन कलाजंग मारणारा, ढाक लावणारा असा गडी का नाही? ३६०_डिग्रीने सांगितलं तसा जवळ जायचा त्रास त्याला नसेलच, तो गपकन आत शिरेल, पण एका फेकीत अर्धी लाइफ जाणार नाही. आणि चीतपट! आपल्यात दोन्ही खांदे टेकले की संपलं, मग कितीही दम उरलेला असो. फाइटिंग गेममध्ये खांदे टेकवण्याला किंमतच नाही, सगळं लाइफबारवर (ताकद दाखवणारी पट्टी). एखाद्याने पाठ टेकवली की राउंड संपला असा नियम फक्त एका कॅरेक्टरला दिला तर काय मजा येईल.

३६०_डिग्री

लाल_माती भाऊ, तो चीतपटचा नियम कुणीतरी खरंच करायला हवा. टेक्केनमध्ये त्याच्या थोडं जवळ जाणारं आहे. किंगने पकडलं की सुटण्यासाठी त्याचा कुठला हात पुढे आहे ते बघायचं, डावा असेल तर डावा पंच, उजवा तर उजवा, दोन्ही असतील तर दोन्ही. जायंट स्विंगला डावा. म्हणजे डोळे समोरच्याच्या हातावर ठेवायला शिकावं लागतं.

लाल_माती

हे आवडलं. वस्ताद पण तेच ओरडायचे, तोंडाकडे बघू नको, हाताकडे बघ.

मेट्रोसिटी_महापौर

उलटा प्रवास पण चालू आहे बरं का. केनी ओमेगा, कॅनडाचा, न्यू जपानमध्येच मोठा झालेला, त्याच्या गुडघ्याच्या माराचं नाव व्ही-ट्रिगर, ते थेट स्ट्रीट फायटर ५ मधून उचललेलं.

पार्लर_९८

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. दोरीबाहेर दादा, ती पाद्र्यांची गोष्ट बायकोला वाचून दाखवली. आता आज रात्री प्रॅक्टिस मोडला समोर गेमनेच चालवलेला किंग लावून फक्त हात ओळखायचा सराव करतो, आत्तापर्यंत मी अंदाजानेच बटण दाबत होतो. ३६०_डिग्री, टेक्केन ८ आहे का तुझ्याकडे? शनिवारी रात्री दहानंतर ऑनलाइन असशील तर रूम करतो, लाल_माती भाऊ तुम्ही पण या.