तीनदा गोळ्या बदलल्या म्हणून बंदच करायच्या?

माशेलची ताई
कुळागरवाल्यांनी काल लिहिलं : "बायपोलर (मन कधी तळाला, कधी आभाळाला, असा आजार) सांगितलं, सहा महिन्यांत तीनदा गोळ्या बदलल्या. म्हणजे डॉक्टरलाच कळत नाही. दहा दिवसांपूर्वी सगळ्या बंद केल्या. चालतो, प्राणायाम करतो, देवीचा उजवा कौल मिळालाय, मूर्तीवरची पाकळी उजवीकडे पडली. आता ठणठणीत." खाली नमस्कार आणि फुलांचा पाऊस. माझं डोकंच फिरलं, म्हणून लांबण लावते.

माझा धाकटा भाऊ चित्रशाळेत गणपती करतो. आधी तीन महिने तो अंथरुणातून उठेना. जवळच्या डॉक्टरने नैराश्य म्हणून नुसती त्याचीच गोळी दिली. बायपोलर माणूस तेवढ्या एका गोळीवर दुसऱ्या टोकाला जाऊ शकतो, हे आम्हाला कुठून ठाऊक असणार? चवथीच्या तोंडावर त्याने तीन घरांना पुरेल एवढं माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या छताचं, सामान आणलं. आंबाडे, तोरिंगणं, सुपारीचे घोस. आणि रात्री दोन वाजता माटोळी बांधायला बसला. आम्ही म्हटलं, यंदा उत्साह बघा! पाच रात्री डोळ्याला डोळा नाही. सहाव्या दिवशी आईच्या अंगावर धावला, तेव्हा बांबोळीचं इस्पितळ गाठलं.

ओलान्झपिनने शांत झाला, पण अकरा किलो वाढला. मग लिथियम. मन थाऱ्यावर आलं, पण हात कापायला लागले. गणपतीचे डोळे लिहिणाऱ्याचे हात! मग डोस उतरवला आणि जोडीला लॅमोट्रिजिन दिलं. तेही २५ मिलिग्रॅमपासून, दोन-दोन आठवड्यांनी चढवत, कारण घाई केली तर जिवावर बेतणारं पुरळ उठू शकतं. या सगळ्यात दीड वर्ष गेलं. चप्पलसुद्धा आपण तीन जोड घालून बघतो.

कुळागरवाला
चप्पल चावली तर पायाला फोड येतो, ताई. इथे डोकं माझं आहे. तुम्ही भावाचं लिहिता, मी स्वतःचं. डॉक्टरने पाच मिनिटं दिली, त्यातली तीन फोनवर. वजन वाढेल हे कुणी सांगितलं? नऊ किलो. सकाळी दहापर्यंत मेल्यासारखा झोपायचो. पाडेली येऊन परत जायचा, नारळ झाडावरच. ही केमिकलं खाऊन जगण्यापेक्षा नको ते.

रात्रपाळी
इस्पितळात नर्स आहे, म्हणून बोलते. "केमिकल" म्हणता ते लिथियम म्हणजे एक क्षार. जॉन केड या ऑस्ट्रेलियन डॉक्टरने त्याचा मॅनियावरचा, म्हणजे मन अति चढतं त्या अवस्थेवरचा, उपयोग १९४९ मध्ये दाखवला. जुनं आहे, पण लाडाचं नाही. रक्तातली पातळी साधारण लिटरमागे ०.६ ते ०.८ मिलिमोल ठेवतात, १.५ च्या वर गेली की विषबाधेची भीती. रक्त द्यायचं ते शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी. थायरॉइड आणि किडनीची तपासणी ठरल्या वेळी. आणि कंबर दुखली म्हणून फार्मसीतून ब्रुफेन, डायक्लोफेनॅक आपल्या मनाने आणून खायचं नाही, पातळी चढते. मे महिन्यात घाम गाळून पाणी न पिणं, कुणीतरी सांगितलं म्हणून मीठ सोडणं, त्यानेही तेच. कडक उपास करणाऱ्यांनी आधी विचारावं.

पेडण्याचा मामा
उपासावर घसरू नका. आणि कौलाची थट्टा तर नकोच. आमच्या घरात तीन पिढ्या कौल घेतल्याशिवाय ऑपरेशनसुद्धा झालेलं नाही.

तर्कट
पाण्याने चिकटवलेली पाकळी सुकली की पडते, मामा. उजवीकडे पडेल की डावीकडे, ते चिकटवणाऱ्याच्या बोटाला विचारा.

पेडण्याचा मामा
तुझ्या आजीने तुझ्या बारशाआधी कौल घेतला असेल, तिला जाऊन विचार बोटाचं. चार बुकं वाचून देवळाच्या पायऱ्या विसरणारे तुम्ही.

तर्कट
पायऱ्या विसरलो नाही. माझी काकी अशाच एका उजव्या कौलावर गोळ्या सोडून बसली होती. तिला विहिरीच्या काठावरून ओढून आणलं ते मी. देव तेव्हा कुठे होता ते सांगा, मग पायऱ्या चढतो.

पेडण्याचा मामा
काकीचं वाईट वाटलं. पण देवीला दोष कशाला? माझ्या मेहुण्याच्या वेळी आम्ही दोन डॉक्टरांच्या चिठ्ठ्या देवीपुढे ठेवल्या आणि विचारलं, कुणाकडे नेऊ? औषध देऊ की नको, असं विचारलंच नाही. कौलाला प्रश्न नीट घालावा लागतो. कुळागरवाल्या, तू नेमकं काय विचारलंस?

विमेवाला नव्हे
मध्येच बोलतो. मानसिक आरोग्य कायदा २०१७ चा. विमा कंपन्यांनी मनाचा आजार शरीराच्या आजारासारखाच धरायचा, असं त्यात लिहिलंय. माझा क्लेम तरी नाकारला. दोन वर्षं पत्रं लिहितोय. यावर धागा काढा की कुणीतरी! पाकळ्या काय मोजताय?

माशेलची ताई
काढा तुम्हीच. मामांच्या प्रश्नाचं उत्तर राहिलंय.

कुळागरवाला
"बरा होईन का" असं विचारलं.

पेडण्याचा मामा
मग झालं! देवी हो म्हणाली. गोळ्या सोड असं कुठे म्हणाली?

तर्कट
मामांशी सहमत होण्याची वेळ आली. आज पाऊस पडणार.

कुळागरवाला
सगळे मिळून वकिली करा. दहा दिवस गोळी नाही आणि एवढं हलकं मला वर्षात वाटलं नव्हतं. पहाटे तीनला उठून बागेत पाणी सोडतो. काल मिरवेलींना नवे आधार लावले, दोनशे. घरगुती मसाल्याचा धंदा काढतोय, माल पण मागवला.

रात्रपाळी
झोपता किती वाजता?

कुळागरवाला
बारा, साडेबारा. तुम्हाला काय करायचंय?

माशेलची ताई
तीन घरांची माटोळी आठवली रे बाबा. रागाव हवं तर. पण आईला हे वाचून दाखव.

कुळागरवाला
"तुम्ही"वरून "तू"वर आलात.

माशेलची ताई
आले. एक मान्य करते. नऊ किलोंचं तुला कुणी आधी सांगितलं नाही, ही चूक त्यांचीच. माझ्या भावालाही नव्हतं सांगितलं. मी ओपीडीत भांडले तेव्हा गोळी बदलली. तूही भांड. पण तिथे जाऊन.

रात्रपाळी
आणि जुन्या गोळ्या आपल्या मनाने पूर्वीच्याच डोसवर सुरू करू नका, लॅमोट्रिजिन असेल तर मुळीच नाही. आजच डॉक्टरला दाखवा. रात्री-अपरात्री काही वाटलं तर टेलिमानस ही सरकारी हेल्पलाइन, १४४१६. फुकट आहे.

कुळागरवाला
आई मागे उभी राहून वाचतेय. समाधान झालं? जातो दुपारी. पण गाडी मी चालवणार.

रात्रपाळी
नाही.

कुळागरवाला
आईला फक्त अ‍ॅक्टिवा येते.

पेडण्याचा मामा
मग बस मागे.