नोकरी हातात घेऊनच जर्मनीला जावं, की तिथे जाऊन शोधावी?

चाकणकर_मेकॅनिकल
आमच्या बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एकच टूम आहे. चान्सनकार्टे काढा, राजीनामा टाका, विमानात बसा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. नोकरी शोधायला येणाऱ्यांसाठी जर्मनीने १ जून २०२४ पासून हे कार्ड सुरू केलं. भाषा, वय, अनुभव वगैरेंचे मिळून किमान ६ गुण लागतात, आणि डिग्रीला तिथे पूर्ण मान्यता असेल तर गुणांचीही भानगड नाही. वर्षभर राहता येतं, आठवड्याला २० तास पार्ट टाइम करता येतं. मात्र पोट भरायची सोय आधी दाखवावी लागते. २०२५ च्या हिशेबाने महिन्याला १,०९१ युरो, म्हणजे वर्षाचे १३,०९२ ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (म्हणजे दरमहा ठरावीकच रक्कम काढता येते अशा खात्यात) टाकायचे.

माझं मत सरळ आहे. कॉन्ट्रॅक्ट हातात नसेल तर जाऊ नये. एक तर ऑटोची तिथे पडझड चालू आहे. फोक्सवागनने डिसेंबर २०२४ मध्ये युनियनशी करार केला, त्यात २०३० पर्यंत ३५,००० हून जास्त जागा कमी करायचं ठरलं. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या झेडएफचेही आकडे हजारांत आहेत. तो बाहेर पडलेला माणूस जर्मनच बोलतो, त्याला व्हिसा लागत नाही आणि तो त्याच रांगेत माझ्या पुढे उभा आहे. पुण्यातून टाकलेल्या माझ्या अर्जांना नकारच येतायत. शिवाय इथून नोकरी मिळाली तर थेट ब्लू कार्ड, म्हणजे शिकलेल्या नोकरदारांसाठीचा राहण्याचा आणि कामाचा परवाना. बायकोलाही लगेच नेता येतं, तिला पहिल्या दिवसापासून काम करता येतं. चान्सनकार्टेवर संसार नेता येत नाही.

स्टुटगार्टचा_वाटसरू
पुण्यात बसून उंटावरून शेळ्या हाकता येत नाहीत, एवढंच म्हणतो.

तुम्ही अर्ज कुठे टाकताय? मोठ्या कंपन्यांच्या पोर्टलवर. तिथे तिसऱ्या-चौथ्या पानावर एक प्रश्न असतो: युरोपियन युनियनमध्ये काम करायचा परवाना आहे का? ‘नाही’वर टिचकी मारलीत की रात्रीच ‘लाइडर’ने (म्हणजे ‘खेद आहे की’ने) सुरू होणारी नकाराची मेल येऊन पडते. तुमचा सीव्ही माणसाने पाहिलेलाच नसतो. त्यावरून जर्मनीत जागा नाहीत असा निष्कर्ष काढायचा, हे काही बरोबर नाही.

खरी भरती मधल्या आकाराच्या कंपन्यांत होते. ट्युटलिंगन हे नाव ऐकलंय? छोटंसं गाव आहे, पण शस्त्रक्रियेची हत्यारं बनवण्यात जगात नावाजलेलं. तिथे मशिनिंग, टॉलरन्स, क्वालिटी समजणारा माणूस लागतो, आणि हे सगळं चाकणमध्ये तुम्ही रोज करताच. पण त्यांची जाहिरात जर्मनमध्ये असते. पहिली फेरी टीम्सवर, दुसऱ्या फेरीला ‘पुढच्या गुरुवारी या’ म्हणतात. प्लान्ट दाखवतात, टीमसोबत जेवायला बसवतात. पुण्याहून गुरुवारी कसे जाणार? चान्सनकार्टेवर कंपनीत दोन आठवड्यांपर्यंत ट्रायल कामही करता येतं, ही गोष्ट तुमच्या पोस्टमध्ये आलीच नाही.

चाकणकर_मेकॅनिकल
ट्रायलचा मुद्दा मान्य. पण चान्सनकार्टेवाल्यालाही त्या प्रश्नाला ‘नाही’च म्हणावं लागतं ना? पूर्णवेळ कामाचा परवाना त्याच्याकडेही नाही. मग तेरा लाख अडकवून फरक काय पडला?

स्टुटगार्टचा_वाटसरू
फरक हा की तो जर्मनीच्या नंबरवरून फोन करून ‘मी इथेच आहे, कॉन्ट्रॅक्ट दिलंत तर परवाना इथल्याच ऑफिसात बदलून मिळतो’ असं सांगू शकतो. त्याला भारतात परत जाऊन व्हिसाच्या रांगेत उभं राहायचं नसतं. छोट्या कंपनीच्या मालकाला एवढंच ऐकायचं असतं.

हिंजवडी_फेज_थ्री
दोघेही आपापल्या जागी बसून सगळ्यांना एकच माप लावताय. मी बॅकएंड डेव्हलपर. बर्लिनची नोकरी हिंजवडीतून मिळाली, सगळ्या फेऱ्या ऑनलाइन, इंग्रजीत. आमच्याकडे हे सर्रास होतं. जर्मनीत उतरून हॉस्टेलच्या खाटेवर लॅपटॉप घेऊन बसायची गरज नव्हती.

पण मेकॅनिकलवाल्यांनीही इथून शोधताना तीन गोष्टी कराव्यात. एचआर घाबरतं ते व्हिसाच्या वेळेला. त्याला विचारा, बेश्लॉयनिग्टेस फेरफारेन, म्हणजे व्हिसाची जलद प्रक्रिया, करणार का? कंपनी तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयात अर्ज करते, फी ४११ युरो, आणि पूर्वसंमती मिळाली की इथली व्हिसा अपॉइंटमेंट तीन आठवड्यांत मिळते. बऱ्याच छोट्या कंपन्यांना हे माहीतच नसतं, उमेदवारानेच सांगावं लागतं. दुसरं, आपला ९० दिवसांचा नोटीस पीरियड लपवू नका. तिथेही तीन महिन्यांची नोटीस सर्रास असते, ते दचकत नाहीत. तिसरं म्हणजे अनुभवाचं पत्र. आपल्याकडचं एचआर दोन ओळी लिहितं, ‘अमुक ते तमुक काम केले, भावी वाटचालीस शुभेच्छा.’ जर्मन माणसाला त्यात काहीच वाचायला मिळत नाही. काय काम केलं, कोणत्या मशीनवर, किती लोक हाताखाली, हे सगळं लेटरहेडवर लिहून घ्या, आणि तेही राजीनाम्याआधी. नंतर कोणी विचारत नाही.

मिरजेची_सिस्टर
नर्सिंगमध्ये हा वादच नाही. आमच्यात सगळं इथूनच होतं आणि इथूनच करावं. आधी जर्मन भाषेची बी२ पातळी (बी१ च्या वरची), मग कागदपत्रं मान्यतेला पाठवायची, मग तिकडून लेखी येतं की अभ्यासक्रमात काय कमी पडतंय. ते पत्र आणि हॉस्पिटलचं कॉन्ट्रॅक्ट घेऊनच मुली जातात. तिथे कोर्स किंवा परीक्षा झाली की पूर्ण नर्स म्हणून मान्यता, तोवर मदतनीसाचा पगार. चान्सनकार्टे काढून हॉस्पिटलं हिंडत बसलेली आमच्यातली कोणी मला तरी माहीत नाही.

एजंटबद्दल मात्र बोला कोणीतरी. आमच्याकडे मुलींकडून लाखांत पैसे घेतले जातात.

नाना_डोंबिवली
सिस्टर, परदेशी नोकरी लावून देणारा एजंट सरकारकडे नोंदणीकृत असावा लागतो आणि त्याला उमेदवाराकडून ३०,००० रुपये अधिक जीएसटी, याहून जास्त घेता येत नाही. ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर नाव तपासा. नाव सापडलं नाही तर चहासुद्धा पिऊ नका त्याच्याकडे.

बाकी धागाकर्त्याशी सहमत. हातातली नोकरी सोडून वर्षभर बिनपगारी फिरायचं आणि वर ‘परत आलो तर गॅपचं काय सांगू’ म्हणून इथेच धागा काढायचा!

दोन_बॅगा_एक_कुकर
मी नवऱ्याच्या ब्लू कार्डवर आले, त्यामुळे नोकरी शोधण्याबद्दल बोलत नाही, घराबद्दल बोलते. म्युनिकमध्ये घर पाहायला गेलं की घरमालक शेवटच्या तीन पगारपत्रकांची प्रत मागतो. नोकरीच नाही तर पत्रक कुठलं? मग माणूस महिन्या-महिन्याच्या सबलेटवर, म्हणजे दुसऱ्या भाडेकरूकडून घेतलेल्या खोलीत, राहतो. अशी खोली देणारे काहीजण पत्ता नोंदवू देत नाहीत, आणि पत्ता नोंदवला नाही की टॅक्स नंबर अडतो. मग ते २० तासांचं पार्ट टाइम कामही लांबतं. वाटसरूंनी हे सांगितलं नाही, कारण त्यांना आता आठवत नसावं.

स्टुटगार्टचा_वाटसरू
आठवतंय हो. म्हणूनच म्युनिकला जाऊ नका म्हणतो. लहान गावात खोली मिळते, पत्ताही नोंदवता येतो. २०२५ चं किमान वेतन तासाला १२.८२ युरो होतं, २० तास गोदामात काढले तर भाडं आणि किराणा सुटतो. चैन होत नाही, पण ब्लॉक केलेले पैसे बरेचसे शिल्लक राहतात.

नाना_डोंबिवली
म्हणजे बीई करून, आठ वर्षं काढून, गोदामात खोकी उचलायची. वा!

स्टुटगार्टचा_वाटसरू
नाना, त्या गोदामात माझं जर्मन सुधारलं. क्लासमध्ये जमलं नव्हतं.

हिंजवडी_फेज_थ्री
हेच तर भाषेचं दुखणं आहे. चाकणकर, तुमचं जर्मन कुठवर आलंय?

चाकणकर_मेकॅनिकल
बी१, मॅक्स म्युलर भवनचं. बोलताना अडखळतो. पण ते कारण आहे म्हणून मी माझं मत का बदलावं? बी२ इथेच होईल, तेही पगार चालू असताना.

स्टुटगार्टचा_वाटसरू
मग बी२ ची सीट आधी पकडा, ती पुण्यात किती लवकर भरते हे मी सांगायला नको. आणि अर्ज डिसेंबरच्या मध्यापासून ६ जानेवारीपर्यंत टाकू नका. इकडे सगळे सुट्टीवर असतात, उत्तर येणार नाही, आणि तुम्ही इथे येऊन पुन्हा लिहाल की जर्मनीत जागा नाहीत.