मदत हवी आहे: वेस्नॉथमध्ये पावनखिंडीचा डाव बसवतोय, पण लढाई रंगत नाही

नमस्कार मंडळी,

'बॅटल फॉर वेस्नॉथ' हा मुक्तस्रोत, फुकट युद्धखेळ २००३पासून चालू आहे. षटकोनी घरांचा नकाशा, आळीपाळीने चाली. जुन्या लॅपटॉपवर ग्राफिक्स कार्डाशिवाय पळतो, जाहिराती नाहीत, एकट्याने खेळायला नेट लागत नाही. माझे भाचे याच्यावर लट्टू आहेत. डब्ल्यूएमएल नावाच्या साध्या मजकुराच्या फाइलींत आपल्याला स्वतःची मोहीमही लिहिता येते, म्हणून त्यांच्यासाठी पावनखिंड करायला घेतली आहे.

पहिला डाव, म्हणजे १२ जुलै १६६०च्या रात्री पन्हाळ्यावरून निसटणं आणि शिवा काशीदांची पालखी, छान जमला. अडलंय ते खिंडीत. बाजीप्रभूंना त्या बाजूचा नायक केलंय, बारा टर्न संपले की 'टाइम ओव्हर' इव्हेंटने (इव्हेंट म्हणजे ठरलेल्या क्षणी आपोआप चालणारा फाइलीतला भाग) विजय. आता होतं असं की फाशांनी दगा दिला तर बाजी चौथ्या टर्नलाच पडतात आणि डाव तिथेच हरतो. कधी पाठलागावरच्या सिद्दी मसूदचे लोक ओढ्याच्या पलीकडे नुसते घुटमळतात, मग मुलं टर्न संपवायचं बटण दाबत बसतात. असं खिंड लढवणं मला मुलांसमोर ठेवायचं नाही. कुणी असे सिनॅरिओ, म्हणजे मोहिमेतले डाव, लिहिले असतील तर कृपया मार्ग सुचवा.

— आंबाघाट

---

आंबाघाटजी, विषय फार चांगला निवडलात.

घुटमळण्याचं कारण भूप्रदेश. उथळ पाण्यात उभ्या असलेल्या माणसाचा बचाव फक्त २० टक्के, म्हणजे त्याच्यावरचे दहातले आठ वार लागतात. संगणक तो हिशेब करतो आणि पाय मागे घेतो. शत्रूच्या बाजूच्या एआय ब्लॉकमध्ये, म्हणजे संगणकाने कसं खेळायचं ते लिहितो त्या भागात, 'ॲग्रेशन' (आक्रमकता) १ आणि 'कॉशन' (सावधपणा) ० करा. मग तो स्वतःच्या नुकसानीकडे बघत नाही, थेट अंगावर येतो. ओढा मात्र काढू नका. कासारीचं पाणी आणि वर टेकडीवर मावळे, यातच खिंडीची सगळी ताकद आहे.

दोन्ही अंगांना चढता न येणारे डोंगर लावून वाट एका घराएवढीच ठेवा. मग एका वेळी एकच शत्रू भिडू शकतो. वेस्नॉथमध्ये आपल्या माणसाच्या घरातून पलीकडे जाता येतं, त्यामुळे पुढचा घायाळ झाला की तो मागच्याला ओलांडून तिसऱ्या घरात जाईल आणि ताजा गडी त्याच्या जागी येईल. मागे एखादं गाव ठेवलंत तर तिथे टर्नला ८ हिटपॉइंट (गड्याच्या अंगातली उरलेली ताकद) भरून निघतात. ही अदलाबदल मुलांच्या हाती दिलीत की बटण दाबत बसायला कुणाला वेळच मिळणार नाही.

— रिकामा_बुरूज

---

बाजींसाठी 'लास्ट ब्रेथ' इव्हेंट वापरा. मरायच्या क्षणी त्यांना थोडे हिटपॉइंट परत द्या, म्हणजे तोफा होईपर्यंत ते पडणारच नाहीत.

— सह्यपुत्र

---

मला हे पटत नाही. बाजी मरतच नाहीत हे मुलांना दुसऱ्यांदा खेळताना कळेल, आणि मग त्यांना जपायचं कशाला?

मुळात बारा टर्नची अट काढा. महाराजांना विशाळगडाला पोचणंही सोपं नव्हतं. सुर्वे आणि दळवी गडाला वेढा घालून बसले होते, तो फोडून वर जावं लागलं. म्हणून नकाशा लांब करा. पूर्वेला खिंड, पश्चिमेला वेढा. नायक महाराज, बाजी नुसते वीर. महाराज गडाच्या घरात शिरले की 'मूव्हटू' इव्हेंट चालेल, त्यातच तोफांचा आवाज आणि विजय. शत्रूचा एकही माणूस खिंड ओलांडून पुढे आला तर पराभव. बाजी आधी पडले तरी उरलेल्यांनी खिंड धरायची. आता किती माणसं खिंडीत ठेवायची आणि किती महाराजांबरोबर द्यायची, हा प्रश्न पहिल्याच चालीला पडेल. त्या दिवशी बाजींसमोरही तोच होता.

— तटबंदी

---

तटबंदी, हेच हवं होतं! मी सगळं लक्ष खिंडीवरच दिलं होतं, वेढा नकाशात घेतलाच नाही. नायक बदलून आजच बसवतो. बाजी तोफांनंतर पडले तर वेगळा संवाद आणि आधी पडले तर वेगळा, असे दोन लिहीन.

रिकामा_बुरूज, ॲग्रेशन वाढवून पाहिलं. मसूदचे लोक आता ओढ्यात उतरतायत, मुलांचे हात थरथरतायत.

एक विचारायचं राहिलं. ही मोहीम वेस्नॉथच्या ॲडऑन सर्व्हरवर, म्हणजे इतरांना उतरवून घेता येईल अशा जागी, चढवताना चित्रांचं काय? बाजींचं एक सुंदर चित्र नेटवर मिळालंय.

— आंबाघाट

---

ते वापरू नका. सर्व्हरवर जीपीएल किंवा क्रिएटिव्ह कॉमन्स बाय-एसए या मुक्त परवान्यांचंच (कुणालाही वापरू-बदलू देणाऱ्या) साहित्य चालतं. चित्रकाराची परवानगी नसेल तर भाच्यांना काढायला सांगा. स्कॅन करून पाठवा, पार्श्वभूमी मी साफ करून देतो.

— रिकामा_बुरूज