ऑटोमॅटिक घ्या म्हणणाऱ्यांनो, जीआर८६ चालवून तरी बघितलीत का?

तिसरा गियर (एडिसन, न्यू जर्सी)

परवा 'दोनच पेडल' यांनी इथे, या फोरमवर लिहिलं, "आजच्या काळात स्पोर्ट्स कूपे (दोन दारांची गाडी) मॅन्युअलमध्ये घेणं म्हणजे निव्वळ मिरवणं. ऑटोमॅटिक जास्त वेगवान, पेट्रोल कमी खाते, ट्रॅफिकमध्ये पाय दुखत नाही. विषय संपला." खाली अंगठ्यांची रांग. दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही.

विषय संपलेला नाही. 'ऑटोमॅटिक वेगवान' हे कुठल्या गाडीबद्दल म्हणताय? पोर्शे ९११ जीटी३बद्दल असेल तर मान्य. तिची पीडीके, म्हणजे दोन क्लचवाली ऑटोमॅटिक, ० ते १०० किमीला ३.४ सेकंद घेते, मॅन्युअल ३.९. पण आपल्यातले किती जण जीटी३ घेणार आहेत? मी तीन महिने टोयोटा जीआर८६च्या मागे लागलोय. पगारदार माणसाला झेपेल आणि ताकद मागच्या चाकांना देईल अशी नवी कूपे आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच उरली आहे. तिचे टोयोटानेच दिलेले आकडे बघा: ० ते ६० मैल मॅन्युअल ६.१ सेकंद, ऑटोमॅटिक ६.६. इथे ऑटोमॅटिकच मागे पडते! कारण तिच्यात पीडीकेसारखे दोन क्लच नाहीत, साधा टॉर्क कन्व्हर्टर आहे, क्लचऐवजी तेलातून ताकद पोचवणारा. वर फायनल ड्राइव्ह (चाकांआधीचा शेवटचा गियर, आकडा मोठा तितका पिकअप जास्त) मॅन्युअलला ४.१, ऑटोमॅटिकला ३.९. तुमच्या पेट्रोलच्या बचतीतला एक वाटा तिथून येतो, आणि पिकअप जातो तोही तिथूनच.

एका शोरूमला एकाच दुपारी दोन्ही चालवल्या. हायवेवरून उतरणाऱ्या रॅम्पच्या वळणात ऑटोमॅटिकचं स्टिअरिंगमागचं डावं पॅडल (गियर उतरवायची पट्टी) ओढलं, तिसरा मागितला. गाडीने बीप केलं आणि चौथ्यातच राहिली. वळण निम्मं सरल्यावर पुन्हा ओढलं तेव्हा तिसरा पडला, आणि तोवर मला तो नको होता. मग त्याच वळणात मॅन्युअल. चवड्याखाली ब्रेक, डाव्या पायाने क्लच, उजव्या पायाच्या कडेने एक्सलरेटरला हलका टोला. आरपीएमची सुई चार हजारांवरून टुणकन पाच हजारांवर, दांडा तिसऱ्यात, क्लच सोडला आणि गाडीला जरासुद्धा हिसका नाही. दांड्याचा तो 'खट' तळहातातून कोपरापर्यंत आला. २२८ हॉर्सपॉवरच आहेत, त्यासुद्धा ७,००० आरपीएमला. अशा इंजिनाला कुठल्या क्षणी कुठला गियर हवा हे मला पुढचं वळण बघून आधी कळतं. गिअरबॉक्सला वळणात शिरल्यावर कळतं.

यात मिरवणं कुठे आलं? गाडीत मी एकटाच होतो.

दोनच पेडल (फ्रीमाँट)

माझंच नाव घेऊन लिहिलंय, तर उत्तर देतो. मी ऐकीव बोलत नाही. चार वर्षं मॅन्युअल कूपे वापरली आहे. ८८० हायवेवरून सॅन होजे, रोज जाऊन-येऊन दीड-दोन तास, त्यातला निम्मा वेळ पहिला, दुसरा, परत पहिला. तिसऱ्या वर्षी डावा घोटा असा धरला की घरी येऊन बर्फ लावून बसायचो. गाडी विकली त्या दिवशी वाईट वाटलं, खोटं सांगत नाही. पण रविवारच्या एका तासासाठी आठवड्याचे दहा फेरे का भोगायचे?

आणि सुरक्षेचं कुणी बोलतच नाही. जीआर८६ची जुळी बहीण सुबारूची बीआरझेड. २०२२ला नवीन आली तेव्हा आपोआप ब्रेक लावणारी आयसाइट फक्त ऑटोमॅटिकला होती. मॅन्युअलवाल्यांना ती २०२४च्या मॉडेलपासून मिळाली. माझी मुलगी तेव्हा दीड वर्षाची. मागच्या सीटवर, म्हणजे जी काही सीट आहे तिच्यावर, तिची चाइल्ड सीट. मी अर्ध्या सेकंदाचा हिशोब करत बसू का?

रेडिंगवाली

मला दोघांच्याही सुरात एक गोष्ट खटकते. दहा वर्षांपूर्वी माझ्या डाव्या गुडघ्याच्या लिगामेंटचं ऑपरेशन झालं. त्यानंतर इथे लायसन्स काढलं ते ऑटोमॅटिकवर. इंग्लंडात ऑटोमॅटिकवर टेस्ट दिली की लायसन्स फक्त ऑटोमॅटिकचंच मिळतं. तेव्हापासून प्रत्येक मराठी गेट-टुगेदरला एक तरी काका विचारणार, "म्हणजे तुला खरी गाडी येत नाही तर?" नवऱ्याला हा प्रश्न कुणी कधी विचारला नाही, आणि तो पार्किंगमध्ये तीनदा गाडी बंद पाडतो.

आज माझ्याकडे बीएमडब्ल्यूची एम२४०आय आहे. सहा सिलिंडर, कूपे, आणि ती मॅन्युअलमध्ये मिळतच नाही. तीही खोटी गाडी का? वेल्समधल्या डोंगरातल्या रस्त्यांवर मी पॅडलनेच गियर टाकते, आणि ती बीप करून नाही म्हणत नाही. तिसरा गियर, तुमची तक्रार ऑटोमॅटिकबद्दल नाही, एका जुन्या पद्धतीच्या ऑटोमॅटिकबद्दल आहे. तसं लिहा.

घाटकरी (सातारा)

सगळं वाचलं. मला कूपेतलं कळत नाही, ताबा कळतो. आमचे अण्णा एसटीत ड्रायव्हर होते, बत्तीस वर्षं. त्यांचा एकच नियम, "ज्या गियरात घाट चढलास त्याच गियरात उतरायचं." मॅन्युअल शिकलेल्या माणसाला इंजिनाने गाडी धरून ठेवता येते. ऑटोमॅटिकवर शिकलेली पोरं घाटात अख्खा उतार ब्रेकवर पाय ठेवून येतात, खाली पोचेपर्यंत चाकातून जळका वास. आणि त्याहून वाईट म्हणजे मॅन्युअल असून न्यूट्रल करून उतरणारे. खंबाटकीच्या बोगद्यानंतर पुण्याकडे येताना उतार आणि लगेच ते एस वळण, तिथे मी हे डोळ्यांनी बघतो.

सरळरेषा (पिंपरी)

घाटकरी, हे जरा जास्त होतंय. मी वीस वर्षं खंडाळ्याचा घाट न्यूट्रलवर उतरतोय. एक ओरखडा नाही. पेट्रोल वाचतं, इंजिनाला विसावा मिळतो. ब्रेक चांगले असले की झालं.

घाटकरी

वीस वर्षं काही झालं नाही, हा पुरावा नाही. कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार बघा. नोव्हेंबर २०२२ला रात्री एका ट्रकने तिथे एकामागोमाग डझनावारी गाड्या चेपल्या. ट्रकवाले त्या उतारावर डिझेल वाचवायला न्यूट्रल करतात, काही तर इंजिनच बंद करतात, हे तिथल्या कुठल्याही टपरीवाल्याला विचारा. ट्रकचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात. इंजिन बंद केलं की ती हवा भरणारा कॉम्प्रेसर थांबतो, ब्रेकची हवा भरत नाही. चार-सहा वेळा दाबला की पेडल नुसतंच खाली जातं. अण्णांच्या डेपोतला एक माणूस असाच गेला. मी तेव्हा सातवीत होतो. अण्णा त्या दिवशी जेवले नव्हते.

सरळरेषा

वाईट वाटलं ऐकून. पण मी ट्रक चालवत नाही आणि इंजिन बंद करत नाही. कारवाल्याला ट्रकवाल्याच्या रांगेत उभं करून तुम्ही मला सरळ खुनी ठरवताय. हा कुठला न्याय? आणि पेट्रोल वाचतं त्याचं काय, त्यावर बोला ना.

घाटकरी

बोलतो. ते वाचत नाही. कार्ब्युरेटरच्या जमान्यात वाचायचं थोडंफार. आता इंजेक्टर आहेत. गियरात असताना एक्सलरेटरवरून पाय काढला की चाकंच इंजिन फिरवतात आणि कॉम्प्युटर पेट्रोल पूर्ण तोडतो. न्यूट्रल केलंत की इंजिन चालू ठेवायला त्याला पेट्रोल द्यावंच लागतं. म्हणजे तुम्ही जास्त जाळून कमी ताबा विकत घेताय. खुनी म्हटलं नाही मी. पण माझं पोरगं बाइकवर तुमच्या पुढे असू शकतं, म्हणून आवाज चढतो.

दोनच पेडल

कूपेवरून कुठे आलो आपण! पण घाटकरींच्या मुद्द्यात एक चूक आहे. इंजिनाने गाडी धरणं ही मॅन्युअलची मक्तेदारी नाही. दांडा मॅन्युअल मोडला घेतला, दुसरा टाकला की ऑटोमॅटिकही गियर धरून उतरते. माहिती नसणं हा ड्रायव्हरचा दोष. शिकवणाऱ्यानेच सांगितलं नाही तर पोरं काय करणार?

घाटकरी

ते खरं आहे. आमच्याकडे कुणी सांगत नाही. पण मॅन्युअलवाल्याला सांगावं लागत नाही, एवढं मी म्हणणारच.

सरळरेषा

मॅन्युअलवरच शिकलो मी. मलाही कुणी सांगितलं नव्हतं. नोंद घ्या.

तिसरा गियर

रेडिंगवाली, तुमचं बरोबर आहे. मी 'ऑटोमॅटिक' म्हणून सगळ्यांना एका गाठोड्यात बांधलं, ते चुकलं. तुमच्या गाडीतला आठ गियरचा बॉक्स वेगळ्या तोडीचा आहे, त्याच्यापुढे मी हा वाद घातला नसता. काकांच्या वतीने मी माफी मागू शकत नाही, पण माझ्या घरी आलात तर तो प्रश्न येणार नाही.

दोनच पेडल, तुमच्या घोट्यापुढे माझं काही म्हणणं नाही. मुलीच्या सीटपुढेही नाही. पण मग 'मला ८८० वर चालवायची आहे म्हणून ऑटोमॅटिक' असं लिहायचं होतं. मला ऑफिसला ट्रेन आहे. माझी गाडी शनिवारी सकाळी पोर्ट जर्व्हिसच्या पुढे डेलावेअर नदीवरच्या हॉक्स नेस्टच्या वळणांवर जाणार आहे. तिथे मला अर्ध्या रस्त्यात बीप ऐकायचा नाही. आणि आपण सगळ्यांनीच सोय म्हणून ऑटोमॅटिक घेतली, तर कंपनी दुसरा पर्याय ठेवणार कशाला? २०१३ला जीटी३ फक्त पीडीकेमध्ये आली, लोकांनी बोंब ठोकली, तेव्हा २०१७ला पोर्शेला मॅन्युअल परत आणावी लागली. टोयोटाच्या सुप्राची तीच गत, मॅन्युअल मिळाली ती २०२३च्या मॉडेलला. मागणारी माणसं होती म्हणून मिळाली.

दोनच पेडल

'मिरवणं' हा शब्द मागे घेतो. तेवढाच. बाकी वाक्यं माझ्या नावावर राहू द्या. चार वर्षांनी तुमचा घोटा काय म्हणतो ते कळवा.

सरळरेषा

रविवारी लोणावळ्याहून येताना घाट तिसऱ्यात उतरलो. मीटरवर अ‍ॅव्हरेज ९९.९ वर जाऊन चिकटलं. न्यूट्रल केलं तर ५०-६० मध्ये खेळत होतं. घाटकरी, पेट्रोलचं तुम्ही म्हणता तसं निघालं. इंजिनाचा आवाज मात्र सहन होत नाही, बायकोने दोनदा विचारलं की गाडीला काय झालं.

घाटकरी

काही झालेलं नाही म्हणावं. वहिनींना सांगा, तो आवाज आला की ब्रेक थंड आहेत.